जुनं चिऱ्याचं कार्यालय: कमी पैशात, हरित निकषांत बसणारी दुरुस्ती

रत्नागिरी, राजापूर, मालवण, अलिबाग, कुठलीही जुनी बाजारपेठ घ्या. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती आणि मंगळुरी कौलं असलेली दोन-चार घरं आज वकिलाचं ऑफिस, पतसंस्था किंवा सीएचं कार्यालय म्हणून चालू असतात. असं घर ‘ग्रीन’ करायचं म्हटलं की पहिला सल्ला येतो सोलरचा, दुसरा इन्व्हर्टर एसीचा. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. दोन-तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झेलणाऱ्या घरात आधी पाणी बाहेर ठेवायचं, मग उकाडा कमी करायचा, आणि मग उरलेल्या पैशात वीज बनवायची. जाड भिंती, उतरतं छप्पर, समोरासमोरच्या खिडक्या हे सगळं जुन्या मिस्त्रींनी करून ठेवलेलंच आहे. नंतर झालेल्या सिमेंटच्या लेपांनी आणि बंद केलेल्या झडपांनी ते बिघडलं.

हिशोबासाठी २० बाय ३० फुटांचं, ६०० चौरस फुटांचं, आठ माणसांचं कार्यालय धरू. शंभर रुपयांतले चाळीस छपराला, पंचवीस ओल-गटार-गिलाव्याला, पंधरा वायरिंग-पंखे-दिव्यांना, दहा पाण्याला आणि दहा हाताशी. ते शेवटचे दहा नक्की लागतात. कौलं उतरल्याशिवाय वाशांची खरी अवस्था कुणालाच कळत नाही.

आधी एक पावसाळा नुसतं बघा

जुलैत, संततधार चालू असताना, खडू आणि टॉर्च घेऊन सगळं घर फिरा. गळतीच्या जागी जमिनीवर खूण करा, भिंतीवरच्या ओलीच्या कडेने रेघ मारा, तारीख घाला, फोटो काढा. पंधरा दिवसांनी पुन्हा. वरून खाली उतरणारी ओल कौलांची किंवा पन्हळीची असते, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत चढलेली ओल जोत्याची, आणि पश्चिमेच्या भिंतीवर मधेच पडलेला पट्टा झोडपणाऱ्या पावसाचा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. हे न बघता ‘वॉटरप्रूफिंग’चं कोटेशन घेतलं तर दुकानदाराकडे जो डबा आहे तोच उपाय ठरतो.

ओल भिंतीतली की हवेतली हे कळत नसेल तर एक फूट बाय एक फूट प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. चोवीस तासांनी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दमटपणा असेल तर दोष हवा न खेळण्याचा आहे, तिथे गिलावा फोडू नका.

कागद

घर ग्रामपंचायतीत असेल तर नमुना ८ चा उतारा, नगरपरिषदेत असेल तर मालमत्ता पत्रक काढा आणि त्यावरची नावं मोजा. कोकणात एका घराला सात-आठ सहहिस्सेदार आणि त्यांतले पाच मुंबईला, हे नेहमीचं आहे. गणपतीला सगळे गावी येतात तेव्हाच लेखी संमती घेऊन टाका. अर्धं छप्पर उघडं असताना आलेला हरकतीचा अर्ज फार महाग पडतो.

घर किल्ल्याजवळ असेल तर अंतर मोजा. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही, असलेल्या घराची दुरुस्ती मात्र रीतसर परवानगीने करता येते. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आहेत, तेव्हा तिथल्या अर्जांची छाननी सैल असेल असं समजू नका. खाडीकाठी किंवा समुद्राकाठी सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांची) चौकशी करा. अर्जात जोत्याचं क्षेत्र, उंची आणि वापर तोच राहणार हे स्पष्ट लिहा.

हरित प्रमाणपत्राचे दोन मार्ग नवख्याला ऐकू येतात. ‘गृह’ (GRIHA) या हरित इमारतींना गुण देणाऱ्या पद्धतीतलं ‘स्वागृह’ हे २,५०० चौरस मीटरपेक्षा लहान बांधकामांसाठी आहे: १४ निकष, ५० गुण, २५ गुणांपासून तारा. दुसरा मार्ग इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचा. तिथे अंतर्गत सजावटीसाठी आणि चालू इमारतींसाठी वेगळ्या पद्धती आहेत. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता १०० किलोवॅट जोडभाराच्या (जोडलेल्या सगळ्या उपकरणांच्या एकूण भाराच्या) पुढे लागू होते, तुमचा तिच्याशी संबंध नाही. एक कुदळ मारण्याआधी दोन्हीकडे इमारतीची माहिती पाठवून कुठल्या पद्धतीत बसतं ते विचारा, नोंदणी आणि सल्लागाराच्या फीचं लेखी दरपत्रक मागा. तो आकडा कौलांच्या कामाच्या वर जात असेल तर निकष पाळा आणि भिंतीवरची पाटी सोडून द्या. पाटी हवी असो वा नसो, एक वही पहिल्या दिवसापासून ठेवा: काय काढलं, किती परत वापरलं, किती फेकलं, कुठली पावती. परत वापरलेल्या मालाचे गुण तोंडी मिळत नाहीत.

वेळापत्रक

परतीचा पाऊस संपला की छप्पर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास. डिसेंबरात गटारं आणि वायरिंग, जानेवारी-फेब्रुवारीत चुन्याचा गिलावा, मार्चमध्ये सफेदी. शिमग्याचा आठवडा कामात धरू नका. एप्रिल-मेमध्ये गडी आंबा-काजूत असतात आणि उरलेले सगळ्या गावाची घरं शाकारत असतात. त्या वेळी मजुरी वाढते आणि काम मृगाच्या धास्तीने उरकलं जातं.

छप्पर

चारही बाजूंना अडीच फूट पागोळी (भिंतीबाहेर आलेली छपराची कड) धरली तर २० बाय ३० च्या घरावर सुमारे १,००० चौरस फूट उतरतं छप्पर येतं. १०० चौरस फुटांना साधारण १४० कौलं, म्हणजे एकूण १,४००. पडझडीसाठी शंभरेक वर धरा.

सगळं छप्पर एकदम उघडू नका. एका वेळी एक खण उतरवा, ताडपत्री तयार ठेवा. उतरवलेलं प्रत्येक कौल दोन बोटांवर लोंबतं धरून चावीने किंवा बोटाच्या पेराने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर पहिल्या ढिगात. आवाज चांगला पण कड उडालेली, तर दुसऱ्यात. ती कापून कोपऱ्यांना आणि पाखाच्या (छपराच्या उताराच्या) टोकांना लागतात. बद्द वाजलं तर आत चीर आहे, वरून कितीही चांगलं दिसू दे, तिसऱ्या ढिगात. हा तिसरा ढीग फेकायचा नाही. त्याची खडी गटाराच्या तळाला आणि बारीक चाळलेली पूड सुरखी म्हणून चुन्यात जाते. शेवाळ सुक्या काथ्याच्या ब्रशने काढा. ॲसिड लावलं तर कौलाचा वरचा भाजलेला थर जातो आणि पुढच्या वर्षी ते पाणी पितं.

नवीन कौलं आणायला जाताना जुनं एक बरोबर न्या. मागच्या बाजूला कारखान्याचा शिक्का असतो. दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत, फरक दोन-तीन मिलिमीटरचा असला तरी जोरदार वाऱ्याबरोबर पाणी तिथूनच आत येतं. उपाय सोपा आहे: जुनी सगळी रस्त्याकडच्या उतारावर, नवी सगळी मागच्या. घराचा दर्शनी चेहराही तसाच राहतो. पाडलेल्या घरांचा माल विकणाऱ्यांकडे जुळती कौलं मिळाली तर उत्तम.

वाशांची तपासणी पटाशीने करा. भिंतीत गेलेलं टोक आधी, कारण सडायला सुरुवात तिथूनच होते. पटाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज शिरली तर तेवढा भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा द्या. एका टोकासाठी सगळा वासा बदलायचं कारण नाही. टोक पुन्हा भिंतीत बसवताना भोवती अर्धा इंच हवा राहू द्या. सिमेंटने गच्च भरलेलं टोक पाच-सात पावसाळ्यांत पुन्हा सडतं. वाळवीसाठी टोकांना आणि बाहेरच्या वाशांना काजूच्या टरफलांचं तेल हा इथला जुना, स्वस्त आणि खरोखर चालणारा उपाय आहे. हातमोजे घाला, अंगावर उडालं तर फोड येतात. वासामुळे ते आतल्या खोल्यांत वापरू नका, तिथे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी मारा.

रिपा (कौलं अडकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या) ठोकण्याआधी अंतर पुस्तकातून घेऊ नका. हातातली दहा कौलं जमिनीवर एकात एक बसवा, पहिल्याच्या वरच्या कडेपासून दहाव्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा, नऊने भागा. बहुतेक साडेबारा इंचांच्या आसपास येतं. कोन्याची (दोन उतार माथ्यावर मिळतात तिथली) कौलं चुना-सुरखीत बसवा. सिमेंटमध्ये बसवलेला कोना उन्हात छपराबरोबर हलत नाही, त्याला केसासारखी भेग जाते आणि मग दर मेमध्ये डांबराचा पट्टा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. अशा वाऱ्यात कौलं उडायला सुरुवात होते ती कडांपासून, कारण वारा पागोळीच्या खालून शिरतो. म्हणून खालच्या दोन ओळी, कोन्यालगतची एक आणि दोन्ही टोकांची कौलं मागच्या भोकातून तारेने रिपेला बांधा. तार तांब्याची किंवा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची. जस्त चढवलेली तार खाऱ्या हवेत लवकर गंजते.

उकाड्यासाठी ॲल्युमिनियम फॉइल. इथे जवळजवळ प्रत्येक नवखा एकच चूक करतो: फॉइल कौलांना किंवा फळ्यांना चिकटवून टाकतो. चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा नसेल तर फॉइलचा काही उपयोग नाही. वाशांच्या खालून, चकचकीत बाजू जमिनीकडे करून ती ताणा, जोडाला सहा इंच चढवा, मग दोन इंच सोडून बांबूच्या तट्ट्या किंवा फळ्यांचं सिलिंग. चकचकीत बाजू वर केली तर वर्षभरात धूळ बसून ती निकामी होते. फॉइल आणि कौलांच्या मधली गरम हवा बाहेर जावी म्हणून पागोळीपाशी आणि कोन्याखाली फट ठेवा, तिला अर्ध्या इंचाची जाळी. फट बंद केली की वाशांना बुरशी, जाळी विसरली की वटवाघळं.

उत्तरेच्या उतारावर १०० चौरस फुटांमागे एक-दोन काचेची कौलं बसवून त्यांच्याखाली सिलिंगमध्ये चौकट सोडली की दिवसा मधल्या खोलीतला दिवा लावावा लागत नाही. माकडांवर मात्र हरित उपाय आमच्याकडेही नाही. छपरापासून दहा फुटांच्या आतल्या फांद्या तोडायच्या, एवढंच.

ओल, लोणा आणि चुना

जांभा दगड सच्छिद्र आहे. तो पाणी घेतो आणि वाळतो, शेदोनशे वर्षं हेच चाललं. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर ॲक्रिलिक रंग चढला की पाणी आत शिरायच्या वाटा राहतात, निघायची वाट बंद होते. मग ते वर चढतं, सोबत मीठ आणतं, आणि रंगाखाली पांढरा भुगा दिसतो. हा लोणा. त्यावर पुन्हा सिमेंट मारलं की रेघ एक फूट वर सरकते.

गिलाव्याआधी बाहेरचं पाणी वळवा. अंगणाची माती दरवर्षी चढत जाते आणि जोतं पुरलं जातं. माती खणून जोत्याच्या वरच्या कडेपासून किमान नऊ इंच खाली आणा, भिंतीपासून लांब उतार द्या, पागोळीच्या धारेखाली एक फूट रुंद, एक फूट खोल चर खणून फुटक्या कौलांची खडी भरा. बऱ्याच घरांत एवढ्यानेच अर्धी ओल एका वर्षात उतरते. जमिनीवर व्हिट्रिफाइड टाइल्स बसवू नका. जमिनीतून उडून जाणारी ओल मग भिंतींकडे वळते. जुन्या मोझेक किंवा शहाबादीला पॉलिश करा, ते स्वस्तही पडतं.

सिमेंटचा गिलावा काढताना आधी दोन बाय दोन फुटांचा तुकडा छिन्नीने, हाताने काढून बघा. ब्रेकर मशीन नको. चिऱ्याचा वरचा थर हवेने कडक झालेला असतो, आतला मऊ. गिलाव्याबरोबर दगडाचा अर्धा इंच निघून येत असेल तर तिथेच थांबा आणि फक्त खालचे तीन फूट काढा, ओल तिथेच असते. उघडा चिरा काही आठवडे वाळू द्या आणि वर येणारं मीठ सुक्या ब्रशने झाडत राहा. पाण्याने धुतलं तर ते परत आत जातं.

३०० चौरस फूट भिंतीला १२ मिलिमीटर गिलावा द्यायला, चिऱ्याच्या खाचा धरून, पाच घनफूट मुरवलेला चुना आणि पंधरा घनफूट वाळू लागते. ओलीच्या पट्ट्यात वाळूतला एक तृतीयांश भाग काढून तेवढी सुरखी घाला. वाळू खाडीची असेल तर तुम्ही पैसे देऊन मीठ विकत घेत आहात. धुतलेली नदीची किंवा क्रश सँड घ्या. कळीचा चुना भिजवताना पिंपात आधी पाणी घ्या, त्यात कळी थोडी थोडी सोडा. उलट केलं, कळीवर पाणी ओतलं, तर ते उकळून तोंडावर उडतं. चष्मा लावल्याशिवाय कुणाला जवळ येऊ देऊ नका. निदान पंधरा दिवस पाण्याखाली मुरू द्या, महिना मिळाला तर बरं. त्यासाठी पिंप गिलाव्याच्या महिनाभर आधी भरलेलं हवं. सगळे हेच विसरतात आणि आयत्या वेळी मिस्त्री चुन्यात सिमेंटची पोती फोडतो.

लावण्याआधी भिंत भिजवा, पण पाणी ओघळता कामा नये. दोन हात द्या, दुसरा हात पहिल्यावर नखाने रेघ उठते पण बोट रुतत नाही अशा वेळी. पुढचे दहा-बारा दिवस ओलं गोणपाट टांगा. उन्हात एका दिवसात वाळलेला चुना हाताला पिठासारखा लागतो, तो परत काढावाच लागतो. वर चुन्याची सफेदी, पातळ, तीन हात. डिस्टेंपर राहिलेल्या जागी ती धरत नाही, आधी खरवडा. कमी वासाच्या रंगाच्या निकषासाठी चुन्याच्या पावत्या जपून ठेवा.

हवा, उजेड, वीज

लाकडी झडपांच्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या की उघडणारी जागा निम्मी होते. झडपा दुरुस्त करा, आतून स्टेनलेसची डासांची जाळी. गंजलेला गज फुगून चौकट फोडतो: तारेच्या ब्रशने साफ करून झिंकचा प्रायमर, मग रंग. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार इंच पुढे ठेवा, नाहीतर श्रावणापर्यंत फायलींना बुरशी.

७५ वॅटचे सहा जुने पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचे) बसवले की नऊ तास आणि ३०० दिवसांच्या हिशोबाने वर्षाला ७२९ युनिट वाचतात. तुमच्या बिलातला व्यावसायिक दर लावा आणि पंख्यांची किंमत किती दिवसांत सुटते ते बघा. या यादीत इतक्या लवकर पैसे परत देणारं दुसरं काही नाही. दिवे सगळ्या छताला नकोत. खोलीला सौम्य आणि टेबलावर एक-एक, म्हणजे कामाच्या जागी ३०० ते ५०० लक्स (उजेडाचं एकक) उजेड मिळतो. एसी हवाच असेल तर एका बंद, सिलिंग असलेल्या खोलीत, २४ अंशांवर.

वायरिंग नवीन करा, पण भिंत खोदून नको. चिऱ्यात खाच मारली की चुना सैल होतो. वरून केसिंग-कॅपिंग (झाकणाची पट्टी) किंवा पाइप, दिव्यांना १.५, प्लगला २.५, एसीला ४ चौरस मिलिमीटर. ३० मिलिॲम्पियरचं आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं बटण) आणि विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर. अर्थिंग मेमध्ये मोजा. जांभ्याची जमीन सुकली की तिचा रोध फार वाढतो, आणि पावसाळ्यात घेतलेलं छान रीडिंग फसवं असतं.

पाणी

छपराखालचं आडवं क्षेत्र ८७५ चौरस फूट. तीन मीटर पाऊस आणि वीस टक्के वाया धरून वर्षाला जवळजवळ १ लाख ९५ हजार लिटर. माणशी ४५ लिटरने तुमची गरज दिवसाला ३६०. ऐकायला मजेचं, पण हे सगळं पाणी चार महिन्यांत पडतं आणि टंचाई मेमध्ये असते. दोन महिन्यांच्या साठ्याला २१,६०० लिटरची टाकी लागेल आणि ती छोट्या कार्यालयाला परवडत नाही. पाच हजारांची एक टाकी ठेवा, बाकीचं गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडा. शोषखड्डा भिंतीपासून पंधरा फूट लांब, नाहीतर तेच पाणी जोत्यातून परत येतं.

छपराच्या प्रत्येक उताराचं पाणी खाली आणणाऱ्या नळाला, टाकीच्या आधी, सहा इंची पाइपाचा दहा फुटी उभा तुकडा खालून झाकण लावून जोडा. त्यात ५५ लिटर मावतं आणि पहिल्या सरीचं शेवाळ-विष्ठेचं पाणी तिथे अडतं. झाकणाला पेन्सिलीएवढं भोक ठेवा, म्हणजे तो आपोआप रिकामा होतो. फ्लश तीन-सहा लिटरचा दुहेरी, नळांना एअरेटर (धारेत हवा मिसळून पाणी वाचवणारी जाळी). एअरेटर क्षाराने भरतात, सहा महिन्यांनी व्हिनेगरमध्ये टाका.

सोलर, शेवटी

वरचं सगळं झाल्यावर भार मोजा: पंखे १८०, दिवे २५०, पाच लॅपटॉप २५०, मिळून ६८० वॅट, नऊ तासांना सहा युनिट. एक किलोवॅट सरासरी चार युनिट देतं, म्हणजे दोन किलोवॅट पुरे. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती जोडणीलाच आहे, ते हिशोबात धरू नका. पॅनेल कौलांवर नको: भोकं पडतात, जुन्या वाशांवर भार येतो, शाकारणीला दरवेळी उतरवावी लागतात. संडास-मोरीच्या स्लॅबवर किंवा परसात सांगाड्यावर, २०० चौरस फूट बिनसावलीची जागा बघा. माडाची झावळ पडणार नाही अशी. पॅनेलला खाऱ्या हवेच्या आयईसी ६१७०१ चाचणीचं प्रमाणपत्र मागा, नटबोल्ट ३१६ स्टेनलेसचे.

मे अखेरीला पन्हळीत बादलीने पाणी ओतून धार कुठे पडते ते बघा. पहिल्या मोठ्या सरीला जुलैतल्या खडूच्या खुणांचे फोटो घेऊन टॉर्चसह पुन्हा तीच फेरी. आणि राहिलेली पन्नासेक कौलं विकू नका. पडवीत उभी रचून ठेवा, त्या शिक्क्याची पुन्हा मिळणार नाहीत.